दोल्माबाहचे: बॉस्फरसकाठचा शेवटचा राजवाडा

इस्तंबूलच्या सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत तोपकापी राजवाड्याला अख्खी सकाळ दिलेली असते आणि दोल्माबाहचेला मात्र संध्याकाळच्या बोटफेरीत लांबून दिसणारी इमारत एवढाच मान मिळतो. आमच्या ओळखीतल्या, तुर्कस्तान करून आलेल्या बहुतेक मंडळींनी तो पाण्यातूनच पाहिला आहे. तोपकापीचे महत्त्व मला अमान्य नाही. कॉन्स्टँटिनोपल जिंकणाऱ्या दुसऱ्या मेहमदाने पंधराव्या शतकात बांधायला घेतलेला तो राजवाडा जवळजवळ चारशे वर्षे ऑटोमन साम्राज्याचे केंद्र होता. पण त्या साम्राज्याची अखेर कशी झाली हे ज्याला समजून घ्यायचे आहे, आणि त्या अखेरीचे पडसाद आपल्या भायखळ्यापासून खुलताबादपर्यंत का उमटले याचे ज्याला कुतूहल आहे, त्याने तोपकापीतला तास-दीड तास वाचवून दोल्माबाहचेच्या आत जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ट्रामच्या शेवटच्या, कबाताश स्थानकावर उतरून किनाऱ्याने थोडे चालले की आधी मशीद लागते, मग घड्याळाचा मनोरा आणि त्याच्या पलीकडे राजवाड्याचे कोरीव प्रवेशद्वार. माझ्या सासूबाई बरोबर होत्या. वयाने सत्तरी ओलांडलेल्या, गिरगावात सगळा संसार केलेल्या आमच्या आईंना मनोऱ्याचे अर्थातच फारसे कौतुक वाटले नाही, कारण राजाबाई टॉवर रोज पाहणाऱ्याला सत्तावीस मीटरचा मनोरा काय वाटणार? मात्र ही सगळी जागा मुळात समुद्राची होती, एकेकाळी ऑटोमन आरमाराची जहाजे नांगर टाकून उभी राहत त्या खाडीत सतराव्या शतकात भराव घालून राजघराण्यासाठी बाग केली गेली, हे सांगितल्यावर त्यांनी लगेच मान डोलावली. भराव घालून जमीन करण्याचे मुंबईकराला कसले नवल!

या भरावावर आधी लाकडी महाल होते. ते पाडून सुलतान पहिल्या अब्दुलमजीदने १८४३ साली नव्या राजवाड्याचे काम सुरू केले आणि ते १८५६ मध्ये पुरे झाले. बांधकाम सोपवले होते गाराबेत बाल्यान आणि त्याचा मुलगा निकोगोस यांच्याकडे. बाल्यान हे आर्मेनियन घराणे. एकोणिसाव्या शतकातल्या इस्तंबूलमधले कितीतरी महाल आणि मशिदी या एकाच घराण्यातल्या माणसांनी उभ्या केल्या. आतली सजावट पॅरिसच्या ऑपेरासाठी काम केलेल्या शार्ल सेशां या फ्रेंच सजावटकाराची. म्हणजे खलिफाचे (ऑटोमन सुलतान सुन्नी मुसलमानांचा धर्मप्रमुखही मानला जाई) निवासस्थान, त्याचे वास्तुकार ख्रिस्ती आर्मेनियन आणि अंतर्भाग फ्रेंच, असा हा सगळा मामला आहे. काही लोकांना यात नक्कल दिसते. मला त्यात एका अडचणीत सापडलेल्या दरबाराचा हिशोब दिसला. तोपकापीत एकामागून एक चौक ओलांडत आत जावे लागते, कारण तिथला सुलतान जगापासून जितका आत तितका मोठा मानला जाई. दोल्माबाहचे मात्र सुमारे सहाशे मीटर लांबीचा आपला दर्शनी भाग पाण्याकडे करून उभा आहे, आणि बॉस्फरसच्या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या प्रत्येक युरोपीय जहाजावरच्या माणसाने तो पाहावा हाच त्याचा हेतू आहे. आम्हीही तुमच्यातलेच आहोत, आमचे दिवाळे निघालेले नाही, असे युरोपला पटवून देण्यासाठी बांधलेली ही वास्तू आहे.

त्यातली शोकांतिका अशी की तेच दिवाळे पुढे खरोखर निघाले. राजवाड्याचे काम चालू असतानाच क्रिमियाचे युद्ध पेटले आणि १८५४ मध्ये ऑटोमन सरकारने आपले पहिले परदेशी कर्ज काढले. राजवाड्याचा खर्च पन्नास लाख सोन्याच्या लिरांच्या घरात गेला असे सांगतात. एकट्या राजवाड्याने साम्राज्य बुडवले असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण युद्ध, सैन्य आणि नोकरशाही यांचा खर्च कितीतरी मोठा होता. पण कर्जावर कर्ज काढण्याची जी सवय लागली ती सुटली नाही, १८७५ मध्ये सरकारने परतफेडीबाबत हात वर केले आणि १८८१ पासून युरोपीय सावकारांच्या प्रतिनिधींचे एक मंडळच साम्राज्याच्या मीठ, तंबाखू अशा वस्तूंवरचा महसूल परस्पर वसूल करू लागले. ज्याने हा राजवाडा हौसेने बांधला तो सुलतान तर इथे जेमतेम पाच वर्षे राहिला आणि १८६१ मध्ये वयाच्या अडतिसाव्या वर्षी वारला.

आकड्यांची गोष्ट निघालीच आहे तर एका आकड्याचा समाचार इथेच घेते. या राजवाड्याची छते मढवायला चौदा टन सोने लागले, असे प्रत्येक माहितीपत्रक आणि प्रत्येक गाइड सांगतो. सोन्याचा वर्ख मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो, आणि सोने कितीही जड असले तरी अशा वर्खाचे वजन चौरस मीटरला दोन ग्रॅमच्या आसपासच भरते. या हिशोबाने चौदा टन वर्खात सत्तर लाख चौरस मीटर जागा मढवून निघेल, आणि राजवाड्याचे सगळे क्षेत्रफळ आहे पंचेचाळीस हजार चौरस मीटर. वर्ख दहापट जाड धरला, त्याचे थरावर थर दिले, तरी हा हिशोब जुळत नाही. झवेरी बाजारात हा आकडा कोणी सांगितला असता तर हशा पिकला असता. बाकीचे आकडे मात्र सरळ आहेत आणि पुरेसे थक्क करणारे आहेत: २८५ खोल्या, ४६ दालने, ६ हमाम.

आम्ही गेलो तेव्हा आत शिरताना बुटांवर प्लॅस्टिकचे आवरण चढवावे लागले आणि छायाचित्रे काढायला मनाई होती. ही मनाई मला मनापासून आवडली. हातात मोबाइल नसल्यामुळे माणसे नाइलाजाने वर, खाली आणि एकमेकांकडे पाहत चालत होती.

पुढची अर्धी बाजू सेलामलिक, म्हणजे राज्यकारभाराची आणि पुरुषमंडळींची. तिथला प्रसिद्ध स्फटिकाचा जिना घोड्याच्या नालासारखा दोन्ही अंगांनी वळत वर जातो. त्याच्या कठड्याचे उभे दांडे बाकारा या फ्रेंच कारखान्याच्या काचेचे आहेत, त्यांना वर-खाली पितळेची जोड आहे आणि हात ठेवायची पट्टी महोगनी लाकडाची. मी एका दांड्याजवळ वाकून बराच वेळ पाहिले. काचेला उभे पैलू पाडलेले आहेत, आणि वरच्या काचेच्या छतातून येणारा उजेड त्या पैलूंवरून खाली उतरताना लाल गालिच्याचा रंग घेतो, त्यामुळे लांबून पांढरा दिसणारा दांडा जवळून बुंध्याशी गुलाबी दिसतो. पितळेच्या खोबणीत काच जिथे बसवली आहे तिथे हाताच्या कामाचा किंचित असमानपणा दिसतो, आणि या अवाढव्य वैभवात माणसाचा हात दिसलेली ती पहिली जागा होती. आई माझ्या मागे उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “अगं, हे सगळं पुसायला रोज किती बायका लागत असतील?” हसू आले खरे, पण राजवाडा पाहताना विचारावा असा याहून नेमका प्रश्न मला तरी सुचला नव्हता.

जिन्यावरून वर गेल्यावर परदेशी वकिलांना भेटीसाठी बसवण्याचे दालन लागते. तिथे रशियाच्या झारने पाठवलेली अस्वलाची कातडी जमिनीवर अंथरलेली आहेत. या खोल्या मी भराभर पाहिल्या. सोनेरी खुर्च्या, फ्रेंच घड्याळे आणि चिनी फुलदाण्या यांचा एका मर्यादेनंतर वीट येतो, आणि बडोद्याचा लक्ष्मी विलास किंवा कोल्हापूरचा नवा राजवाडा पाहिलेल्या माणसाला ही हौस काही अनोळखी नसते.

मुआयेदे दालनात मात्र पाय आपोआप थांबतात. सेलामलिक आणि जनानखाना यांच्या बरोबर मध्ये असलेल्या या दरबार सभागृहाला ५६ खांब आहेत, घुमटाची उंची ३६ मीटर आहे आणि मधोमध लोंबणारे इंग्लंडहून आणलेले झुंबर साडेचार टन वजनाचे आहे. हे झुंबर व्हिक्टोरिया राणीने भेट दिले, अशी कथा वर्षानुवर्षे सांगितली जात होती. मग कागदपत्रांत त्याची पूर्ण किंमत चुकती केल्याची पावती सापडली. कर्जात बुडालेल्या दरबाराने रोख मोजून घेतलेली वस्तू लोकांनी राणीच्या औदार्याच्या खाती जमा करावी, याला काय म्हणावे! ईदेच्या दिवशी सोन्याचे सिंहासन तोपकापीतून इथे आणले जाई, आणि वरच्या जाळीदार सज्जांतून जनानखान्यातल्या स्त्रिया समारंभ पाहत. याच दालनात १९ मार्च १८७७ रोजी पहिल्या ऑटोमन संसदेचे उद्‌घाटन झाले. पुढच्याच वर्षी सुलतान दुसऱ्या अब्दुलहमीदने ती संसद गुंडाळली. या सुलतानाला आपल्या जिवाची इतकी धास्ती होती की पाण्याकडे उघडा असलेला हा राजवाडा त्याला धोक्याचा वाटला आणि तो टेकडीवरच्या यिल्दिझ राजवाड्यात राहायला गेला. ज्या मोकळेपणासाठी बापाने राजवाडा बांधला, त्याच मोकळेपणाला मुलगा घाबरला.

जनानखान्याविषयी मनात ज्या कल्पना घेऊन लोक येतात त्या तिथे पहिल्या दोन खोल्यांतच गळून पडतात. लांबच लांब बोळ, त्यांच्या दोन्ही बाजूंना खोल्या, सुलतानाच्या आईचा स्वतंत्र महाल, पत्नींचे स्वतंत्र संसार, मुलांच्या शिक्षणाची सोय; सगळ्यांचा दर्जा, मानधन आणि शिस्त ठरलेली. सत्तेचे केंद्र होते राजमाता, आणि तिच्या दालनाची जागा पाहिली की हे कोणी सांगावे लागत नाही. ही बाजू सेलामलिकपेक्षा साधी आहे, आणि म्हणूनच तिथे माणसे राहत होती हे पटते.

याच भागात मुस्तफा कमाल आतातुर्कची खोली आहे. प्रजासत्ताकाच्या संस्थापकाने १९२७ पासून इस्तंबूलमध्ये आल्यावर मुक्काम करण्यासाठी हाच राजवाडा वापरला, आणि १० नोव्हेंबर १९३८ रोजी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी इथेच त्याचा मृत्यू झाला. पलंगावर तुर्की राष्ट्रध्वज पसरलेला आहे आणि खोलीतले घड्याळ ९.०५ वर थांबवलेले आहे. पलंग अपेक्षेपेक्षा लहान आणि खोली जवळजवळ मध्यमवर्गीय वाटावी अशी. आमच्या पुढे असलेल्या एका तुर्की कुटुंबातले आजोबा तिथे टोपी काढून ताठ उभे राहिले, आणि मागची रांग काही न बोलता त्यांच्यासाठी थांबली.

आतातुर्कच्या काळात या राजवाड्यात घडलेली आणखी एक गोष्ट मला त्या खोलीपेक्षाही महत्त्वाची वाटते. १९२८ च्या उन्हाळ्यात तुर्की भाषेसाठी अरबी लिपी सोडून लॅटिन लिपी घेण्याचे ठरले, तेव्हा या राजवाड्यात फळा उभा करून खासदारांना आणि अधिकाऱ्यांना नवी अक्षरे शिकवण्यात आली. परिणाम असा की आज राजवाड्याच्या दारांवर कोरलेले लेख तिथे तिकीट तपासणाऱ्या तरुणांनाही वाचता येत नाहीत. प्रवेशद्वारावरच्या सोनेरी ओळींचा अर्थ मी एका कर्मचाऱ्याला विचारला, तर तो हसून म्हणाला की त्याच्या पणजोबांना विचारावे लागेल. आपल्याकडे घरोघरी मोडीतली दस्तऐवजांची बाडे पडून आहेत आणि ती उलगडायला जाणकार शोधावा लागतो. फरक एवढाच की आपली मोडी हळूहळू वापरातून गेली आणि त्यांची लिपी काही महिन्यांत कायद्याने गेली.

आता ज्या माणसासाठी मी मुख्यतः तिथे गेले होते त्याच्याविषयी. राजवाडा बांधणाऱ्या सुलतानाचा पुतण्या, दुसरा अब्दुलमजीद, हा इथे राहिलेला शेवटचा ऑटोमन. सुलतानपद १ नोव्हेंबर १९२२ रोजी रद्द झाले, शेवटचा सुलतान ब्रिटिश युद्धनौकेवरून देश सोडून गेला, आणि नव्या तुर्की सरकारच्या अंकारातल्या संसदेने अब्दुलमजीदला केवळ खलिफा म्हणून निवडले. राज्य नाही, फौज नाही, फक्त पद. हा गृहस्थ चित्रकार होता, पाश्चात्त्य संगीताचा शोकीन होता, आणि जनानखान्यात बेथोव्हेनचे संगीत वाजवले जात असल्याचे त्याने रंगवलेले चित्र आजही नावाजले जाते. राजवाड्यातले त्याचे ग्रंथालय पाहताना लक्षात येते की इथे राहणाऱ्या माणसांपैकी हा एकटा असा होता की ज्याला सोनेरी खुर्च्यांपेक्षा पुस्तकांच्या कपाटांची गरज जास्त होती.

३ मार्च १९२४ रोजी संसदेने खिलाफत रद्द केली आणि घराण्याला देश सोडण्याचा हुकूम काढला. त्याच रात्री अधिकारी आणि पोलीस राजवाड्यात आले. पहाट होण्याआधी खलिफा आणि त्याचे कुटुंब मोटारींतून शहराबाहेरच्या चाताल्जा स्थानकावर नेण्यात आले, कारण शहरातल्या स्थानकावर गर्दी जमण्याची भीती होती. तिथून त्यांना आगगाडीने स्वित्झर्लंडकडे रवाना केले गेले. बरोबर दहा वर्षांची मुलगी होती, दुरुशेहवार.

या घटनेचा धक्का मुंबईइतका क्वचितच दुसऱ्या शहराला बसला असेल. खिलाफत वाचवण्यासाठी १९१९ मध्ये जी समिती स्थापन झाली तिचे केंद्र मुंबईतच होते, तिचे अध्यक्ष मियाँ महंमद छोटानी हे मुंबईतले लाकडाचे मोठे व्यापारी होते, आणि भायखळ्याचे खिलाफत हाउस आजही उभे आहे. दरवर्षी ईद-ए-मिलादची मिरवणूक तिथूनच निघते. अली बंधू आणि गांधीजी यांनी खिलाफतीचा प्रश्न स्वराज्याशी जोडला आणि असहकाराची सुरुवात १ ऑगस्ट १९२० रोजी झाली. मराठी माणसाला ही तारीख वेगळ्याच कारणाने पाठ असते, कारण त्याच दिवशी सरदारगृहात लोकमान्य टिळकांचे निधन झाले. या चळवळीचे मूल्यमापन आपल्याकडे अजूनही गरमागरम वादाचा विषय आहे आणि तो वाद इथे उकरण्याची माझी इच्छा नाही. एवढे मात्र राजवाड्यात उभे राहून जाणवते की ज्या खलिफासाठी मुंबईत सभा आणि वर्गण्या चालल्या होत्या, त्याच्या हातात स्वतःच्या दाराचा पहारासुद्धा उरला नव्हता. शिवाय हिंदुस्थानी नेत्यांच्या आस्थेने त्याचे नुकसानच केले. १९२३ च्या अखेरीस आगाखान आणि अमीर अली यांनी खिलाफतीचा मान राखावा असे पत्र लंडनहून तुर्की पंतप्रधानांना लिहिले. ते सरकारच्या हाती पडण्याआधीच इस्तंबूलच्या वृत्तपत्रांत छापून आले, अंकाराचा पारा चढला, आणि परकी लोक आमच्या कारभारात नाक खुपसतात हा मुद्दा खिलाफतविरोधकांना आयताच मिळाला. लिहिणारे दोघेही शिया होते, हेही त्यांनी अगत्याने बोलून दाखवले.

परदेशात गेलेल्या खलिफाला महिन्याला तीनशे पौंडांचे मानधन सुरू केले ते हैदराबादच्या निजामाने, मीर उस्मान अली खानाने. १९३१ च्या नोव्हेंबरात फ्रान्समधल्या नीस शहरात दुरुशेहवारचे लग्न निजामाचा थोरला मुलगा आझम जाह याच्याशी झाले, आणि घराण्यातल्याच निलोफरचे धाकट्या मुअज्जम जाहशी. दोघी राजकन्या बोटीने मुंबई बंदरात उतरल्या आणि पुढे हैदराबादला गेल्या. दोल्माबाहचेतून पहाटे बाहेर काढलेली मुलगी अशा रीतीने औरंगाबाद, परभणी, नांदेड ज्या राज्यात होते त्या राज्याची युवराज्ञी झाली. खलिफाचा मृत्यू १९४४ मध्ये पॅरिसमध्ये झाला. त्याच्या दफनासाठी निजामाने खुलताबादला तुर्की धाटणीची कबर बांधवून घेतली होती, पण त्याचे शव काही तिथे आले नाही. दहा वर्षे ते पॅरिसच्या मशिदीत राहिले आणि १९५४ मध्ये मदिनेत दफन झाले. वेरूळला जाताना आपण औरंगजेबाच्या आणि मलिक अंबरच्या कबरींसाठी खुलताबादला थांबतो, पण ही रिकामी कबर फारशी कोणाला ठाऊक नसते. आईंनी हे ऐकले आणि त्या म्हणाल्या, “म्हणजे या माणसाची एक जागा आपल्याकडेही राखून ठेवली होती म्हणायची.”

जाणाऱ्यांसाठी थोडे उपयोगाचे. राजवाडा सोमवारी बंद असतो. सेलामलिक आणि जनानखाना या दोन्ही बाजू पाहायच्या असतील तर सकाळी दार उघडतानाच पोहोचावे, कारण दुपारी बोटींनी येणाऱ्या गटांची गर्दी उसळते आणि स्फटिकाच्या जिन्यावर दोन मिनिटेही उभे राहता येत नाही. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर चालण्याचा हिशोब आधी करावा. बाग, दोन्ही बाजू आणि परत प्रवेशद्वार असे धरले तर पाय चांगलेच बोलू लागतात, आणि आत बसायला जागा फार थोड्या आहेत. युवराजांच्या महालातले चित्रसंग्रहालय त्याच आवाराला लागून आहे आणि लोक ते सर्रास टाळतात. रशियन चित्रकार आयवाझोव्स्कीची समुद्राची चित्रे तिथे इतकी आहेत की एवढ्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. आम्ही तसेच केले. बोटफेरी मात्र राजवाडा आतून पाहून झाल्यावर घ्यावी, म्हणजे पाण्यातून दिसणाऱ्या त्या लांबलचक पांढऱ्या भिंतीत कोणत्या खिडक्या दरबाराच्या आणि कोणत्या जनानखान्याच्या, हे गाइडच्या आधी आपल्यालाच ओळखता येते.